उजवा खांदा, अर्धा इंच खाली

६ जानेवारी

ती. सौ. मावशीस,
गुंडीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी घसा कोरडा होईपर्यंत बोलत होते आणि तू तोंडात टाचण्या धरून नुसती हं हं करत होतीस. शेवटी तू कशाला हो म्हणालीस ते मला कळलं नाही आणि मी काय विचारलं ते तुला. त्यापेक्षा आपलं पत्र बरं. तुझी कपड्यांची कागदी कटिंगं पार्सलने येतातच, त्यांच्यासोबत उत्तरही येईल.

बातमी अशी, की माझ्या जुन्या लॅपटॉपने अखेर मान टाकली. तसा तो वर्षभर कुरकुरत होताच. आता चालूच होत नाही, आणि नेमका या वर्षी आमचा सगळा अभ्यास त्याच्यावर आहे. तुला हसू येईल, पण आम्ही आता स्क्रीनवर शिवतो. आधी खऱ्या मापांचा माणूस उभा करायचा, मग कापडाचे भाग कापून त्याच्या अंगावर शिवायचे. ते कापड खरोखर पडतं, त्याला चुण्या पडतात, माणूस चालला की घेर हलतो. वर्षअखेरीला स्वतः बेतलेला एक पूर्ण कपडा असा चालवून दाखवायचा आहे. तो जमला नाही तर शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे मी बाडबिस्तरा घेऊन घरी. कॉलेजच्या लॅबमध्ये धड चालणारी मशीनं मोजकी आणि आम्ही सगळे त्यांच्यावर तुटून पडलेलो. माझा नंबर लागतो तोवर लॅबवाला किल्ल्या वाजवायला लागतो.

म्हणून नवा लॅपटॉप घ्यायचाय, आणि डोक्याला ताप झालाय. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. प्रोसेसर हिशोब करतो, म्हणजे कापडाचा कुठला धागा कुठे पडेल ते ठरवतो. ग्राफिक्स कार्ड ते चित्र काढतं आणि हलवतं. दोन्ही उत्तम घ्यायचं तर बाबांना बस विकावी लागेल, आणि ते चालवतात ती बस त्यांची नाही. आपल्या ऐपतीत एक काहीतरी चांगलं मिळतं आणि दुसऱ्यात हात आखडता घ्यावा लागतो. वर्गातला चष्मिस म्हणतो, कार्ड तगडं घे, बाकी निभावतं. हॉस्टेलात माझ्या शेजारच्या कॉटवरची सीनियर म्हणते, चष्मिस दिवसभर गेम खेळतो, त्याचं काय ऐकतेस, प्रोसेसर बघ. दोघंही इतकं ठासून सांगतात, की जो शेवटी बोलतो त्याचंच मला पटतं. बरं, या दोन्ही गोष्टी आत कायमच्या बसवलेल्या, नंतर बदलता येत नाहीत. रॅम तेवढी मागाहून वाढवता येते. रॅम म्हणजे काम पसरायचं टेबल समज.

दुकानात जावं तर ते गेम लावून दाखवतात. स्क्रीनभर धडाधड गोळ्या. मला काय करायच्यात गोळ्या? तू नेहमी सांगतेस ना, कापड घेण्याआधी कोपरा भिजवून बघावा. मी ठरवलंय, आपलंच काम पेन ड्राइव्हवर न्यायचं आणि प्रत्येक मशीनवर तेच चालवून बघायचं. त्यासाठी मशीनचा घाम निघेल असा अवघड कपडा हवा. कॉलर, अस्तर आणि नीट खांदे असलेल्या कोटाचं कटिंग पाठवशील का? सोबत एका बाईची पूर्ण मापं. कुणाचीही चालतील.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. तेव्हापासून माझ्या अंगावर आलेला प्रत्येक कपडा तू शिवलास. आता हा लॅपटॉपही तुझ्याच गळ्यात पडतोय. काकांना नमस्कार. लोभ आहेच, त्याला थोडं जास्तीचं कापड सोड, मी अजून वाढतेय.

तुझीच,
गुंडी


१३ जानेवारी

चि. गुंडीस,
मावशीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. टाचण्यांचं म्हणशील तर त्या तोंडात असतात म्हणून मी गिऱ्हाइकांना उलट उत्तरं देत नाही आणि दुकान चाललंय. परवाच एक बाई आल्या. कंबर घट्ट झाली म्हणून मला फैलावर घेत होत्या, आणि हातात गरम समोसा होता. मी नुसती हं हं केलं आणि शिवण उसवून दिली.

स्क्रीनवर शिवता हे ऐकून काका म्हणाले की आता सुई टोचल्यावर रक्त येतं का तेही स्क्रीनवर दिसत असेल. मी त्यांना गप्प बसवलं, पण मलाही पडलाय तोच प्रश्न. ते असो. कापड तिथेही पडतं म्हणतेस ना, मग ते शिवणच. कागदावरचा बेत कितीही देखणा असला तरी कापड अंगावर पडलं की खरं काय ते कळतं.

तुझ्या प्रोसेसर-कार्डातलं मला ओ की ठो कळत नाही, आणि कळल्याचा आव मी आणणार नाही. एवढंच विचारते, की दुकानात घालून बघायला देतात तसं हे बघायला देतील ना? देत असतील तर घाई करू नकोस. लाजू तर मुळीच नकोस. तू लाजलीस की घेऊन टाकतेस, मला माहीत आहे. तो जांभळा स्वेटर आठव.

बाबा डेपोतून परस्पर दुकानावर आले होते. माझा वाटा त्यांच्याकडे दिलाय. किती ते विचारायचं नाही, आणि माझ्याकडे बघून हलकं मशीन घ्यायचं नाही. नव्या कपाटासाठी बाजूला ठेवलं होतं ते. कपाट नाही आलं म्हणून कपडे रस्त्यावर येणार नाहीत. त्यांना दोरी बांधून इतकी वर्षं लटकवतेय, अजून काही वर्षं लटकतील.

सोबत कोटाचं कटिंग पाठवलंय. कागद जुना आहे, घड्यांवर जपून उलगड. मापं कुणाची पाठवावी म्हणून विचार करत बसले, खडू हातात होता, आणि हाताने आपोआप एका बाईची लिहून काढली. टेप लावावी लागली नाही. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी लिहिली आहे, नीट बघून घे.

वेळेवर जेव. केसांना तेल नाही लावलंस तरी चालेल, पण कंगवा लाव. माझा लोभ तुझ्यापाशीच आहे, हवा तेवढा उसवून घे.

तुझी,
मावशी


२४ जानेवारी

ती. सौ. मावशीस,
गुंडीचा शि. सा. न. वि. वि.

कटिंग मिळालं. कागद उलगडला तर खोलीभर तुझ्या दुकानाचा वास आला, खडूचा आणि गरम इस्त्रीचा. शेजारच्या कॉटवरचीने विचारलं की हे एवढं काय हुंगतेस. मी सांगितलं, अभ्यास.

तुझा वाटा बाबांनी पाठवला. विचारायचं नाही म्हणालीस म्हणून विचारत नाही, पण मला मोजता येतं गं. मावशी, मी काय बोलू? तुझ्या दोरीवर लटकणारे ते सगळे कपडे माझ्या डोळ्यांसमोर आले आणि मला रडू फुटलं. बस, एवढंच लिहिते, नाहीतर तू पत्र पुरं वाचणार नाहीस.

आता परीक्षेची हकिगत. बाजाराच्या रस्त्यावरची तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातल्या लॅपटॉपचा प्रोसेसर जबरदस्त, पण वेगळं कार्ड नाही. कोट क्षणात अंगावर बसला, पण बाईला चालायला लावलं की ती अडखळत, थांबत, लंगडत चालायची. दुसरीकडे नेमकं उलटं. कार्ड भारी, प्रोसेसर जेमतेम, आणि बटणांखाली लाल-निळे दिवे. हा चष्मिसचा लाडका. बाई झोकात गिरक्या घेत होती, पण कोट काही लवकर अंगावर उतरेना. मी उभी राहून राहून दुकानातल्या सगळ्या पोस्टरांवरचं वाचून काढलं. तिसरा राखाडी, दिसायला अगदी बावळट. प्रोसेसर चांगला, कार्ड मधलं, रॅम कमी पण वाढवायला एक जागा मोकळी. त्याच्यावर कोटही बसला आणि बाईही धड चालली. दुकानदार बिचारा भला. मी न लाजता त्याला चारदा तेच करायला लावलं, आणि त्याने केलं. तो लॅपटॉप त्याने महिनाअखेरपर्यंत माझ्यासाठी बाजूला ठेवलाय.

मग घोडं कुठे अडलं म्हणशील, तर तुझ्या कोटावर. तिन्ही मशीनांवर तो वाकडा दिसतो. उजवीकडे खालची कड वर ओढली जाते आणि पाठीवर खांद्यापासून तिरकी चुणी पडते. मी तर उलट काम सोपं केलं होतं. तू डावा-उजवा खांदा वेगळा लिहिलास, उजवा अर्धा इंच खाली. मला वाटलं मोजताना ती बाई वाकडी उभी असेल, म्हणून डाव्यावरूनच उजवा केला आणि बाईला सरळ उभं केलं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक बटण असतं, सगळे तेच करतात. तरी चुणी आहेच. मशीन चुकतंय, का मी, का कटिंग, काही कळेना. दोन दिवस डोकं फोडलं.

आणि आता मनात येतं, की एक चुणी जर कुठलंच मशीन घालवू शकत नसेल, तर कार्डासाठी एवढा खर्च करावाच कशाला. बिनकार्डाचा स्वस्तातला घ्यावा, बाई लंगडली तर लंगडली, लॅबमध्ये नंबर लावून कसंतरी उरकावं. तुझं कपाट तरी येईल. बाबांनाही जरा मोकळा श्वास घेता येईल. लवकर लिही, दुकानदार थांबलाय.

माझं चुकलं असेल तर कान धर, पण लोभ मात्र आहे तिथेच राहू दे.

तुझीच,
गुंडी


२८ जानेवारी

चि. गुंडीस,
मावशीचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून गिऱ्हाइकाला बसवून ठेवलंय आणि हे लिहितेय. कपाटाचं नाव पुन्हा काढलंस तर त्या दोरीनेच बांधून ठेवीन. लंगडणारी बाई घेऊन तू परीक्षेला उभी राहणार आणि शिष्यवृत्ती घालवून घरी येणार, त्यासाठी मी पैसे दिले का गं?

कोट वाकडा नाही. मशीनही चुकत नाही. तू तो खांदा सरळ केलास, तिथे बिनसलं. ती बाई वाकडी उभी नव्हती, ती तशीच होती. ती मापं तुझ्या आईची आहेत.

कंडक्टरची पिशवी ताईच्या उजव्या खांद्यावर असायची. चिल्लर, तिकिटांचे गठ्ठे, सगळं त्यात. दिवसभर बसमध्ये पुढे-मागे करून खांदा उतरला तो उतरलाच. डेपोतून तयार कोट मिळाला तो तिला बसेना, कॉलर मानेवर चढायची. तणतणत माझ्याकडे आली. मी तेव्हा नुकती शिवायला शिकत होते. तिला म्हटलं, खांद्यात पॅड घालते, कुणाला कळणार नाही. तर म्हणाली की पॅड नको, पट्टा घसरतो, आणि कळलं तर कळू दे, फुकट नाही उतरलेला. मग मी कोट तिच्या खांद्यावर बेतला. तीनदा कापला, दोनदा उसवला, आणि चौथ्यांदा जेव्हा खालची कड सरळ आली तेव्हा तिने मला उचलून गरकन फिरवलं. माझ्या हातचा पहिला बरा कपडा तो. ती गेल्यावर गणवेश डेपोत परत द्यावा लागला. कटिंग तेवढं माझ्याकडे राहिलं.

आधी का नाही सांगितलं म्हणशील. सांगितलं असतं तर दुकानात तुझं लक्ष मशीनवर राहिलं नसतं. आणि खरं सांगू, मुद्दाम असं काही ठरवलं नव्हतं. मला तीनच अंगं पाठ आहेत, तिचं, तुझं आणि माझं, आणि माझं दर वर्षी बदलतं. तू मापं मागितलीस आणि हाताने तिची लिहिली. लिहून झाल्यावर कागदाकडे बघितलं आणि मग दुकानाचं दार जरा वेळ लोटून घेतलं.

आता ऊठ आणि त्या भल्या माणसाच्या दुकानात जा. तिचा खांदा होता तसा खाली कर आणि मग बघ कोट कसा बसतो ते. बसला आणि ती चालली, तर तो बावळट राखाडीच घे. लंगडणारी घेऊ नकोस, ताई लंगडत नव्हती.

तुझ्यावरचा लोभ रागावल्याने कमी होत नाही, हे आता तरी ध्यानात ठेव.

तुझी,
मावशी


१४ मार्च

ती. सौ. मावशीस,
गुंडीचा शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. निकाल लागला. आईच्या मापांवर मी स्वतः बेतलेला कोट पसंत पडला आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षीही चालू. बाडबिस्तरा जागच्या जागी आहे. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्या वर्गाला तो पाठीमागून दाखवला आणि सांगितलं की बटण दाबून माणूस सरळ करायची सवय सोडा, अंग जसं असेल तसं घ्या. मी मान खाली घालून बसले होते, बटण दाबणारी मीच ना.

इतके दिवस एकदोन ओळींवर भागवलं, त्याबद्दल रागावू नकोस. काम डोक्यावर होतं हे खरं, पण हे पत्र मला नीट बसून लिहायचं होतं. तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी दुकानात गेले. राखाडी लॅपटॉप चालू केला, पेन ड्राइव्ह लावला आणि उजवा खांदा अर्धा इंच खाली केला. कोट खाली उतरला. उतरता उतरता ती चुणी आपोआप पुसली गेली, कड सरळ झाली, आणि तो तिच्या अंगावर असा बसला की जणू कायम तिथेच होता. मग ती चालली. मी डोळे पुसायला लागले तसा दुकानदार घाबरला. त्याने विचारलं की स्क्रीनला काही प्रॉब्लेम आहे का, हवं तर दुसरा पीस काढतो. मी मानेनेच नाही म्हटलं आणि पैसे दिले. बिचाऱ्याने मला माउस फुकट दिला. त्याला वाटलं असेल, पोरगी पैसे संपले म्हणून रडतेय.

मावशी, आपल्याकडे आईचा धड फोटो एकच, तोही बसमधल्या सीटवर बसलेला. मला तिची पिशवी आठवते, चिल्लरचा आवाज आठवतो, पण ती उभी कशी दिसायची ते आठवत नाही. खोलीवर आल्यावर मी माझीही मापं घातली, तुझ्याकडून लहानपणापासून पाठ झालेली, आणि स्वतःला तिच्या शेजारी उभं केलं. लॅबमधल्या मशीनांवर दोन माणसं एकदम चालवली की सगळं ठप्प होतं. या कार्डावर दोघी चालल्या. आई माझ्या कानाच्या पाळीपर्यंत येते. मला कायम वाटायचं ती खूप उंच होती. मला कुणी सांगितलं नव्हतं गं, की मी तिच्यापेक्षा उंच झाले.

तुला काय म्हणू तेच कळत नाही. आभार हा शब्द फार परका वाटतो. तू लॅपटॉपला हातभार लावलास त्याबद्दल तर म्हणतेच, पण तो अर्धा इंच तू इतकी वर्षं जपून ठेवलास, त्याबद्दल कुठला शब्द वापरायचा असतो? तू नसतीस तर माझ्याकडे आई म्हणून फक्त एक सीटवर बसलेला फोटो असता. बाबा रोज पहाटे बस काढतात, तू दिवसभर वाकून शिवतेस, आणि त्यातून हा राखाडी डबा माझ्या टेबलावर आलाय. मी त्याच्यावर धूळ बसू देत नाही. रॅमची रिकामी जागा आहे ती मी माझ्या पहिल्या कमाईतून भरीन, आणि त्याआधी तुझं कपाट. आता बांध खुशाल दोरीने.

बाबांच्या फोनवर आम्हा दोघींचं चालणं पाठवलंय. ते दुकानावर येऊन तुला दाखवतील. आणि एक मागणं आहे, तुझीही मापं पाठव. कंबर खरी लिही, नाहीतर चुणी पडेल.

लोभ मागायचा असतो पत्राच्या शेवटी, पण मला इतका मिळालाय की आज नुसता नमस्कार करते.

तुझीच,
गुंडी


२२ मार्च

चि. गुंडीस,
मावशीचे अ. उ. आ.

परवा तुला फोन आला होता आणि पलीकडून कुणी बोललं नाही, तो मीच केला होता. तोंडात टाचण्या नव्हत्या. तरी बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा ड्युटी संपवून तसेच गणवेशात दुकानावर आले. फोन कापायच्या टेबलावर ठेवला आणि आम्ही तिघांनी बघितलं. काका चष्मा पुसत राहिले. बाबांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग म्हणाले की ती एवढी सावकाश कधी चालली नाही, पोरीला सांग जरा वेग वाढव, तिची बस सुटायची वेळ झालेली असायची. एवढं बोलले आणि फोन घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले. जाताना हसत होते, हे मुद्दाम लिहिते, कारण त्यांना तसं हसताना बघून मला बरीच वर्षं झाली.

आभाराचं बोललीस ते ठीक, पण उलटं आहे ते. कटिंगचा तो कागद घड्यांवर फाटायला आला होता. माझ्यानंतर कुणी रद्दीत टाकला असता. तू त्याला चालायला लावलंस. निकालाबद्दल शाबास. कपाट तू घेऊन दे, मी आडकाठी करणार नाही. आरशाचं घे.

मापं पाठवतेय. कंबर खरी लिहिली आहे, कुणाला दाखवू नकोस. आणि एक दुरुस्ती कर. तू तिच्या उजव्या हाताला चालते आहेस. तिथे पिशवी असायची गं. तुला ती नेहमी डाव्या कडेवर घ्यायची, आणि मी तुझ्या पलीकडून चालायचे, तुझा बूट पडला तर उचलायला. तेव्हा तू डावीकडे ये, आणि मला तुझ्या पलीकडे उभी कर. लोभाचं काय ते आता तिघी मिळून बघू.

तुझी,
मावशी